रेकॉर्डचा डबा

ताई, नमस्कार.

मी मूळचा नाशिकचा. गेली सहा वर्षं नॅशव्हिलच्या दक्षिणेला फ्रँकलिनमध्ये राहतो, एका हॉस्पिटल कंपनीच्या आयटी विभागात आहे. ऑफिसातल्या एका मित्रामुळे कंट्री म्युझिकच्या, म्हणजे इथल्या गावाकडच्या मातीतल्या गाण्यांच्या, नादाला लागलो. आमचा सहा जणांचा गट आहे. महिन्याच्या शेवटच्या रविवारी एका ७२ वर्षांच्या गृहस्थांच्या गॅरेजमध्ये जमतो, रेकॉर्ड लावतो, बिअर पितो, वाद घालतो. हे गृहस्थ स्वतः पेडल स्टील (पायाच्या पेडलांनी सूर बदलायची आडवी गिटार) वाजवतात. आम्ही सगळ्यांनी एकाच रेकॉर्ड क्लबची वर्गणी भरली आहे: महिन्याला ४० डॉलर, घरपोच एक एल.पी., निवड क्लबची. माझ्याकडे १४ झाल्या. त्यातल्या ९ रेकॉर्ड्सचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. ज्या काढल्या, त्यातल्या दोन वाकड्या निघाल्या आणि क्लब मेलला उत्तर देत नाही. बायको म्हणते, "ही कसली भिशी, जिच्यात तुझा नंबर कधी लागतच नाही?"

पण खरी गोष्ट वेगळी आहे. मागच्या रविवारी विषय निघाला की क्लब आता 'मेनस्ट्रीम' गायकांच्या रेकॉर्ड पाठवायला लागलाय, सगळ्यांनी मिळून बंद करू या. बोलता बोलता गायिका शनाया ट्वेनचं नाव आलं. कुणीतरी म्हणालं, "टोपी घातलेलं पॉप." म्हणजे नुसता काउबॉयचा वेष. सगळे हसले. ताई, मी आयुष्यात ऐकलेलं पहिलं कंट्री म्हणजे शनाया. नववीत होतो, घरात नुकतंच केबल आलं होतं. आणि त्या रविवारी मीही हसलो. ते गृहस्थ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू नवा आहेस, हळूहळू शिकशील." प्रेमानेच म्हणाले. तरी त्या रात्री झोप लागली नाही.

वर्गणी बंद करू का? आणि शनाया आवडते हे सांगू, की गप्प बसू? त्या गॅरेजमध्ये मी एकटाच देशी आहे.

एक नाशिककर, टेनेसी

नाशिककर, नमस्कार.

आधी वहिनींना सांगा, त्यांची उपमा थोडक्यात हुकली. भिशी नाही हो, हा डबा आहे. तुम्ही रेकॉर्डचा डबा लावलाय. माणूस नव्या शहरात एकटा असतो, गॅस नसतो, मंडई कुठे भरते ते माहीत नसतं, तेव्हा मेसचा डबा लावण्यात काहीच वावगं नाही. येईल ते खायचं. कधी दोडका, कधी पुन्हा दोडका. पण एखाद्या दिवशी, घरी कधी न शिवलेली अंबाडीची भाजी पानात येते आणि माणूस बोटं चाटत बसतो. डब्याचं पुण्य तेवढंच. पुढे ओटा येतो, भाजीवाली ओळखीची होते, हाताला चव लागते. त्यानंतरही डबा चालूच राहिला आणि न उघडलेले नऊ डबे फ्रीजवर रचलेले दिसले, तर घरातलं माणूस विचारणारच.

ही मेख आजची नाही. १९५५ साली कोलंबिया रेकॉर्ड्सने टपालाने रेकॉर्ड पाठवणारा क्लब काढला. अमेरिकेतल्या लहान गावांत रेकॉर्डचं दुकान मैलोनमैल नसायचं, त्यामुळे कल्पना जोरात चालली आणि इतर कंपन्यांनीही उचलली. सुरुवातीला मूठभर रेकॉर्ड जवळजवळ फुकट मिळायच्या. मग महिन्याच्या महिन्याला घरी कार्ड यायचं: या वेळची निवड अमुक, नको असेल तर कार्ड परत पाठवा. नाही पाठवलं की रेकॉर्ड दारात, मागोमाग बिल. मौन म्हणजे संमती, हे आपल्याकडे मुलींची लग्नं ठरवताना वापरायचे, तिकडे त्यावर रेकॉर्ड विकल्या. माणूस विसरतो आणि आळस करतो, या दोन गोष्टींवर सगळा हिशेब उभा होता. शेवटी १९७३ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने या पद्धतीसाठी खास नियम केला आणि 'नको' कळवायला गिऱ्हाइकाला निदान १० दिवस मिळाले पाहिजेत असं घालून दिलं.

तुमच्या वेळेला ते कार्डही उरलेलं नाही. पैसे बँकेतून आपोआप जातात, म्हणजे 'नको' म्हणायची पाळीच महिन्याला येत नाही. तेव्हा हे वाचून झालं की वर्गणीचं नूतनीकरण कोणत्या तारखेला आहे ते बघा आणि त्याच्या आधी आपोआप भरणा बंद करा. गटाचं काय ठरतं याची वाट बघू नका. गटाने बंद केली म्हणून बंद केलीत, तर उद्या गटाने चालू केली म्हणून पुन्हा चालू कराल.

मग वाकड्या रेकॉर्ड्सचं बघू. तबकडी प्लेअरच्या चकतीवर ठेवून, डोळा चकतीच्या पातळीवर आणून फिरताना बघा; कडा समुद्रासारखी वरखाली होत असेल तर फोटो आणि छोटा व्हिडिओ काढा. क्लबला तारीखवार शेवटचं पत्र लिहा. उत्तर आलं नाही तर क्रेडिट कार्डाच्या बँकेकडे लेखी तक्रार करा. अशा तक्रारींचे नियम आणि मुदत काय ते बँकेलाच विचारा आणि उशीर करू नका. म्हणून त्या ९ रेकॉर्ड्सची प्लास्टिकं आजच फोडा. जी गोष्ट तपासलीच नाही तिची तक्रार करता येत नाही, आणि घट्ट बसलेलं प्लास्टिक वर्षानुवर्षं तसंच ठेवलं तर तेच रेकॉर्डला वाकवू शकतं. रेकॉर्ड उभ्या ठेवा, आडव्या थप्प्या नकोत. आणि टेनेसीच्या जुलैमध्ये दारातल्या पत्र्याच्या टपालपेटीत दुपारभर पडलेल्या पार्सलाचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. शेवटी ते प्लास्टिकच.

न उघडलेल्या रेकॉर्ड्सची लाज वाटत असेल तर एक ऐका. २०२२ साली अमेरिकेत १९८७ नंतर पहिल्यांदाच सीडींपेक्षा जास्त एल.पी. विकल्या गेल्या. आणि त्याच सुमारास झालेल्या एका पाहणीत दिसलं की एल.पी. विकत घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांच्याच घरी रेकॉर्ड प्लेअर आहे. तुमच्याकडे निदान प्लेअर आहे! आठवड्याला एक याप्रमाणे नऊ आठवडे लावा. वहिनी घरात असताना लावा. जी दुसऱ्यांदा लावावीशी वाटेल ती ठेवा, बाकीच्या कुणाला तरी देऊन टाका. वर्षाचे ४८० डॉलर वाचले, तर त्यातले थोडे घेऊन नॅशव्हिलच्या जुन्या रेकॉर्डच्या दुकानात एक शनिवार घालवा. साठ-सत्तरच्या दशकांतल्या कंट्री रेकॉर्ड्स तुमच्या भागात इतक्या छापल्या आणि घरोघर इतक्या वाजल्या की डॉलर-दोन डॉलरच्या खोक्यात अजूनही चांगला माल हाताला लागतो. धूळ मात्र भरपूर. मऊ केसांचा ब्रश आधी घ्या.

इथवर झाला पैशांचा भाग. आता गॅरेजकडे वळते.

तुमच्या मित्रांची तक्रार आहे की क्लब मेनस्ट्रीमकडे झुकला. त्यामागे एक साधं कारण आहे, जे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही. साधारण १९९० पासून पुढची दहा-पंधरा वर्षं अमेरिकन कंपन्यांनी एल.पी. काढणं जवळपास सोडूनच दिलं होतं. सीडी आणि कॅसेट, बस्स. आणि नेमक्या त्याच काळात कंट्री म्युझिक कधी नव्हे इतकं खपत होतं. १९९१ मध्ये गार्थ ब्रुक्सचा 'रोपिन द विंड' पहिल्याच आठवड्यात बिलबोर्डच्या मुख्य अल्बम यादीत थेट पहिल्या क्रमांकावर आला. कंट्री अल्बमच्या बाबतीत असं तोवर घडलं नव्हतं. म्हणजे ज्या पिढीने ही गाणी गाडीत ऐकत प्रेमं केली, तिच्या आवडत्या अल्बमांच्या रेकॉर्ड्स दुकानात आल्याच नाहीत. ती पिढी आता पन्नाशीला टेकली, हातात पैसा आहे, आणि तिला जे कधी मिळालं नाही ते हवंय. क्लब ते छापणारच. यात कलेचा ऱ्हास वगैरे काही नाही, राहिलेली बाकी वसूल होतेय. त्यातल्या काही अल्बमांना एक अडचण तेवढी आहे. रेकॉर्डच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं नीट बसतात, आणि सीडीच्या काळातले काही अल्बम तासाभराचे. त्यामुळे दोन तबकड्या, दुप्पट वजन, वाढीव किंमत. हल्लीचे गायक तर त्याच्याही पुढे गेलेत. मॉर्गन वॉलनच्या २०२३ च्या अल्बममध्ये ३६ गाणी आहेत. ती रेकॉर्डवर ऐकायची म्हणजे कुकरच्या शिट्ट्या मोजाव्यात तसं उठबस करत राहायचं. मला वॉलन विशेष आवडत नाही, हे जाता जाता सांगते, पण त्याचं कारण मेनस्ट्रीम हे नाही. ३६ हे आहे.

आता 'टोपी घातलेलं पॉप'. हे भांडण तुमच्या गॅरेजमध्ये जन्मलेलं नाही. १९७४ मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनने वर्षातली सर्वोत्तम गायिका म्हणून ऑलिव्हिया न्यूटन-जॉनची निवड केली. ही बाई ऑस्ट्रेलियात वाढलेली, गाणी पॉपच्या अंगाची. कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिलमध्ये आग भडकली. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक नवरा-बायकोच्या घरी कलाकार जमले आणि 'खऱ्या' कंट्रीच्या रक्षणासाठी त्यांनी वेगळी संघटना काढली. पुढच्याच वर्षी गायक चार्ली रिच त्याच असोसिएशनच्या सोहळ्यात सर्वोच्च सन्मान जाहीर करायला उभा राहिला, लिफाफा उघडला, आत पॉपच्या अंगाने गाणाऱ्या जॉन डेन्व्हरचं नाव बघितलं, खिशातून लायटर काढला आणि कागद स्टेजवरच पेटवला. टीव्हीवर, देशासमोर.

इथवर तुमचे मित्र टाळ्या वाजवतील. पण पुढचं बघा. लिफाफा जाळणाऱ्या चार्ली रिचची स्वतःची सगळ्यात गाजलेली गाणी व्हायोलिनांच्या साखरपाकात बुडवलेली होती. ज्यांच्या दिवाणखान्यात ती संघटना निघाली त्या जॉर्ज जोन्सचं १९८० चं गाणं, ज्याला निम्मं नॅशव्हिल आजवरचं सर्वश्रेष्ठ कंट्री गाणं मानतं, त्यातही शेवटाला व्हायोलिनांचा ताफा असा चढत जातो की डोळ्यांत पाणी येतं. आणि त्या संघटनेत नाव असलेली डॉली पार्टन तीनच वर्षांत, १९७७ मध्ये, उघडउघड पॉप अल्बम घेऊन आली. त्याच्या शीर्षकगीताचं रेकॉर्डिंग झाल्यावर तिने निर्मात्याला गळ घातली की यात पेडल स्टील हवंच. कुणी विचारलं तर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे ना, हे बघा, कंट्री आहे! तुमच्या त्या गृहस्थांना हा किस्सा नक्की माहीत असणार. पेडल स्टीलवाल्यांना माहीत असतोच.

मागे जाल तितकं हेच दिसतं. पन्नाशीच्या दशकात रॉक अँड रोलने कंट्रीचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी फिडल (व्हायोलिनच, पण गावरान ढंगात वाजवलेलं) आणि स्टील गिटार मागे सारून व्हायोलिनं, कोरस आणि मऊ पियानो आणला. त्याला 'नॅशव्हिल साउंड' नाव पडलं आणि जुन्या रसिकांनी तेव्हाही बोटं मोडली. आज गंमत अशी की गायिका पॅट्सी क्लाइनचं नाव घेतलं की तेच रसिक टोपी काढतात, आणि पॅट्सीच्या गाजलेल्या रेकॉर्ड्स ब्रॅडलीच्या त्याच साच्यातल्या. १९६१ चं तिचं सर्वांत प्रसिद्ध गाणं लिहिलं विली नेल्सनने. तोच विली पुढे नॅशव्हिलच्या या गुळगुळीतपणाला कंटाळून टेक्सासला परत गेला आणि बंडखोरांचा म्होरक्या झाला. मग १९७६ मध्ये त्या बंडखोरांचा एकत्रित अल्बम काय झाला? दहा लाखांच्या विक्रीचा प्लॅटिनम मान मिळवणारा पहिला कंट्री अल्बम. बंड सगळ्यात जास्त खपलं. आता त्याला मेनस्ट्रीम म्हणायचं की नाही, हे गॅरेजमध्ये ठरवा, बिअर माझ्याकडून.

आणि आता तुमची शनाया. हे वाचून तुम्ही खुर्चीत ताठ बसाल. 'कम ऑन ओव्हर' हा अल्बम एकच नाही. १९९७ मध्ये अमेरिकेत निघाला तो कंट्रीच्या बांधणीचा होता, फिडल आणि पेडल स्टील ठसठशीत ऐकू येणारा. त्यानंतर बाकीच्या जगासाठी त्याच गाण्यांचं पुन्हा मिश्रण केलं, आणि त्यात फिडल-स्टील मागे सारून पॉपचा बाज चढवला. नाशिकला केबलवर तुमच्यापर्यंत पोचला तो बहुधा हा दुसरा. म्हणजे गॅरेजमधले मित्र ज्या शनायाला नाक मुरडतात आणि तुम्ही ज्या शनायावर लुब्ध झालात, त्या दोघी जुळ्या बहिणी आहेत, पण एकच बाई नाही. तुम्ही तर पहिली ऐकलीच नसेल.

हे मी तुमची बाजू भक्कम करायला सांगत नाहीये. शनायाची बाजू घ्यायला चार कोटी प्रती खपल्याचा पुरावा पुरेसा आहे, तिला माझी गरज नाही. मला यातून तुमच्या कानाबद्दल बोलायचंय. चौदा महिने क्लब ठरवतोय तुम्ही काय ऐकायचं. दर शेवटच्या रविवारी गट ठरवतोय तुम्हाला काय आवडायचं. आणि हसण्याची वेळ आली तेव्हा तुमचं तोंड तुमच्या आधी हसलं. वाकड्या तबकडीपेक्षा झोप त्यामुळे उडाली, असा माझा अंदाज.

जाणकारांचा कान म्हणाल तर त्याचीही एक गोष्ट. महागड्या पुनर्मुद्रणांसाठी नावाजलेली कॅलिफोर्नियातली एक कंपनी आहे. मूळ टेपवरून, मधे डिजिटलचा स्पर्शही न होता रेकॉर्ड बनते, अशी तिच्या मालाची ख्याती. २०२२ मध्ये उघड झालं की २०११ पासून तिच्या बऱ्याच रेकॉर्ड्समध्ये डिजिटल टप्पा होता. त्या अकरा वर्षांत रेकॉर्डप्रेमींनी त्याच तबकड्यांवर 'शुद्ध ॲनालॉग ऊब' ऐकल्याचे दाखले दिले होते. रेकॉर्ड वाईट नव्हत्या, उलट छान वाजत होत्या. फक्त लोक कानाने कमी आणि वेष्टनावरच्या अक्षरांनी जास्त ऐकत होते. १८० ग्रॅमचं वजन असेल तर आवाज आपोआप चांगला, हेही त्यातलंच. वजनाने रेकॉर्ड जड होते. आवाज ठरतो मास्टर (छपाईसाठीची मूळ प्रत) कुणी केला आणि छपाई किती निगुतीने झाली यावर.

माझ्या वडिलांचं सांगते. आम्ही माहीमला चाळीत राहायचो. वडील नाट्यसंगीताचे, तेही जुन्या. भावगीत लागलं की "पाणचट" म्हणायचे आणि उठून जायचे. वरच्या मजल्यावर एक गोंयकार आंटी राहायच्या. डिसेंबर लागला की त्यांच्याकडे अमेरिकन गायक जिम रीव्ह्जची नाताळची रेकॉर्ड लागायची, १९६३ साली निघालेली, दिवसातून तीनदा. वडिलांचा पहिला शेरा मला अजून आठवतो: "हा गातोय की कानात सांगतोय?" आक्षेप म्हणून म्हणाले होते. पण डिसेंबरातल्या संध्याकाळी ते आमचा रेडिओ हळू करायचे, कारण काय ते विचारायची आमची प्राज्ञा नव्हती. गोव्यात आणि मुंबईतल्या अशा कितीतरी घरांत जिम रीव्ह्ज घरचाच होता. कंट्री म्हणून कुणी ऐकत नसे. नाताळ म्हणून ऐकत, बापाची रेकॉर्ड म्हणून ऐकत.

वडिलांचा शेरा मात्र तंतोतंत खरा होता, हे मला फार नंतर कळलं. जिम रीव्ह्ज आधी जोरकस गायचा. १९५७ च्या सुमारास त्याने ओठ मायक्रोफोनला जवळजवळ टेकवून हलक्या आवाजात गायला सुरुवात केली, आणि त्याच कुजबुजीवर नॅशव्हिल साउंडचा इमला उभा राहिला. थोडक्यात, माहीमच्या चाळीपर्यंत जे कंट्री पोचलं ते त्या काळचं 'टोपी घातलेलं पॉप'च होतं. १९६४ च्या जुलैत तो विमान अपघातात गेला, तोही तुमच्या शेजारच्या ब्रेंटवुडच्या रानात. वीसेक मिनिटांच्या अंतरावर राहता तुम्ही.

'मी एकटाच देशी' या तुमच्या वाक्यालाही उत्तर द्यायला हवं. ते खोटं आहे असं म्हणणार नाही. सहा जणांत एकट्याचा रंग वेगळा असला की 'तू नवा आहेस' हे वाक्य इतरांपेक्षा जरा वेगळ्या ठिकाणी लागतं, म्हणणाऱ्याच्या मनात तसं काही नसलं तरी. पण ज्या घरात तुम्हाला पाहुणा असल्यासारखं वाटतंय त्या घराचा पायाच मिश्र आहे. बँजो आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून आला. १९२७ मध्ये ज्या रात्री रेडिओवरच्या कंट्रीच्या कार्यक्रमाला 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव पडलं, त्या रात्री त्या नावाबरोबर वाजला तो डीफर्ड बेली या काळ्या कलाकाराचा माउथ ऑर्गन. आगगाडीचा आवाज काढायचा तो त्यातून. १९४१ मध्ये त्याला काढून टाकलं, मग तो बूट पॉलिशच्या दुकानावर जगला, आणि हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं २००५ साली, मरून तेवीस वर्षं झाल्यावर. चार्ली प्राइड या काळ्या गायकाच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्स १९६६ मध्ये रेडिओ केंद्रांना पाठवल्या तेव्हा सोबत फोटो पाठवला नव्हता, रंग कळू नये म्हणून. पाच वर्षांत तोच माणूस कंट्री म्युझिक असोसिएशनचा वर्षातला सर्वोच्च कलाकार ठरला. 'खरं कंट्री कुणाचं' हा प्रश्न विचारणाऱ्यांनी कधी गाण्याबद्दल विचारलं आणि कधी माणसाबद्दल, हे नेहमी स्वच्छ वेगळं करता येत नाही. तुमच्या गटात ते गाण्याबद्दल विचारतायत असं तुमच्या पत्रावरून मला वाटतं. चुकत असेन तर पुन्हा लिहा, मग माझा सल्ला वेगळा असेल. गॅरेजं आणखीही असतात.

आता करायचं काय. कबुलीजबाब देऊ नका. 'मला एक सांगायचंय' असं म्हणत उभं राहिलात तर विनोदाचा विषय व्हाल, आणि त्या बिचाऱ्यांनाही काय बोलावं कळणार नाही. जुन्या सीडींच्या दुकानात 'कम ऑन ओव्हर'ची १९९७ ची अमेरिकन सीडी शोधा, फार पैसे पडणार नाहीत. घरी एकदा ती आणि एकदा तुमच्या लहानपणची आवृत्ती ऐका. एकट्याने. कदाचित तुम्हाला अजूनही नाशिकचीच आवडेल. आवडू दे. मग रेकॉर्ड लावायची तुमची पाळी येईल त्या रविवारी आधी डॉलरच्या खोक्यातला जिम रीव्ह्ज लावा. तो लागल्यावर कुणी हसणार नाही, पैज लावते. मग म्हणा की आता दोन जुळ्या ऐकवतो, आणि एकाच गाण्याची दोन्ही रूपं पाठोपाठ लावा.

आणि त्या गृहस्थांना विचारा की पहिल्यात स्टील नेमकं कुठे काय करतंय, वाजवून दाखवाल का. प्रश्न खराच विचारा, कारण त्याचं उत्तर तुम्हाला येत नाही आणि त्यांना येतं. 'हळूहळू शिकशील' म्हणाले होते ना, मग शिकवू द्या. पण काय शिकायचं ते या वेळी तुम्ही निवडलेलं असू दे. ते वाजवत असताना नववीतलं केबल, नाशिकचं घर, जे आठवेल ते सांगा. बहुतेक ते ऐकतील. गाण्यातल्या बारकाव्यांवर पन्नास वर्षं घालवलेल्या माणसाला दुसऱ्याचं पहिलं गाणं ऐकायला आवडतं, असा माझा अनुभव आहे. वडिलांच्या बाबतीत मात्र मी विचारायला उशीर केला.

गटाने क्लब बंद केला की नाही, याने तुमच्या ठरावात फरक पडू देऊ नका. एखादी चांगली एल.पी. कुणाकडे आलीच, तर गॅरेजमध्ये ऐकायला मिळेलच की. शेजारच्या डब्यातला घास गोडच लागतो.

ते गृहस्थ काय म्हणाले ते मला जरूर कळवा. वाकड्या दोन रेकॉर्ड्सचे पैसे परत आले का, तेही.

तुमची,
ताई